काचेवरचं पिल्लू

वाड्याच्या मालकीणबाई दोन्या एन्कार्नासियोन यांना नकार ऐकायची सवय नव्हती, आणि विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या त्या टायवाल्या माणसाला हे कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

"जिवंत जनावर आत नेता येत नाही, मॅडम," तो म्हणाला. "डॉक्टरचा दाखला लागतो. शिवाय आतला गालिचा नवा आहे."

"हे जनावर नाही," दोन्या म्हणाल्या. "साक्षीदार आहे."

त्यांच्या मांडीवर मिठाईचं रिकामं खोकं होतं आणि खोक्यात कोंबडीचं पिवळं पिल्लू होतं. टायवाल्याने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा दोन्यांच्या मागे उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांकडे पाहिलं, आणि दाखल्याचा विषय तिथेच मिटला. त्यांची सून पुरिता बाजूला काळ्या कपड्यांत उभी होती. नवऱ्याची शवपेटी विमानाच्या दारातून तिरकी करून आत सरकवत होते, आणि ती कुठे आपटू नये एवढंच तिला त्या क्षणी वाटत होतं.

खून झालेल्या माणसाच्या पेटीवर आम्ही पिल्लू सोडतो. पेटीच्या झाकणाखालच्या काचेवर तांदूळ टाकायचे, पिल्लू ते टिपतं, आणि त्याची प्रत्येक टोच म्हणे खुन्याच्या काळजात बसते. शिकलेसवरलेले लोक याला हसतात. मग त्यांच्या घरात खून पडतो, आणि तेही शेजारच्या खुराड्यातून गुपचूप पिल्लू मागून आणतात.

पुरिताचा नवरा लिसांद्रो आल्बारासिन हा दोन्यांचा थोरला मुलगा आणि आमच्या बेटावरच्या उसाच्या पट्ट्यातल्या गावाचा महापौर. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी त्याची गाडी थांबली, मोटारसायकलवरून दोघं आले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर गोळ्या घातल्या. पुरिता मागच्या सीटवर होती. तिला आठवत होतं ते एवढंच, की ड्रायव्हर तिबुर्सियो पुढून उडी मारून तिच्या अंगावर पडला, तिला त्याने दाबून धरलं, आणि त्याच्या खांद्यातून गरम रक्त तिच्या मानेवर वाहत राहिलं. तिबुर्सियोला सगळे तिबोय म्हणत. तो लिसांद्रोचा अंगरक्षकही होता. पण गाडी थांबवली होती त्यानेच. का थांबवली, ते तो सांगत नव्हता.

मग लिसांद्रोच्या धाकट्या भावाने, बाल्दोने, त्याला साखरेच्या गोदामात नेलं. तिथे काय केलं ते तिबोयच्या तोंडावर आता वाचता येत होतं. एक डोळा बंद झाला होता, वरचे दात गेले होते, उजव्या हाताची बोटं वाकडी सुजली होती. तरी त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं नव्हतं.

आमच्याकडे पुरण्याआधी पेटी घरात ठेवून मृताजवळ बरेच दिवस बसतात, तशी ती वाड्यावर ठेवली होती. माणसं आली, जेवली, कोपऱ्यात पत्ते खेळली, पेटीवर पिल्लू टिपत राहिलं. पण ज्याला बघवत नव्हतं तो उठून सिगारेट ओढायला अंगणात जात होता. दोन्यांनी ते हेरलं. मनिलात पक्षाचे लोक अंत्यदर्शनासाठी खोळंबले होते, तेव्हा पेटी तिकडे न्यायचीच होती. साध्या विमानाने, मालाबरोबर नेता आली असती. दोन्यांनी मात्र कारखानदार हाँगकाँगला मजा मारायला नेतात ते छोटं जेट विमान भाड्याने घेतलं, आणि तिबोयला बेड्या घालून आत बसवलं.

"जमिनीवर माणूस उठून बाहेर जातो, इंदाय," त्या सुनेला म्हणाल्या होत्या. लाडात असल्या की त्या तिला इंदाय म्हणत. "आभाळात कुठे जाईल? पिल्लू त्याला बोलायला लावेल. मग मनिलात उतरल्यावर बाल्दो त्याला आपल्या गाडीतून घेऊन जाईल."

"पोलिसांकडे?"

दोन्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पोलीस कशाला? घरचं काम आहे."

पुरिता तेव्हा गप्प बसली. आता विमानाची शिडी चढताना तिला स्वतःचा राग येत होता. हा माणूस मनिलात उतरला की मरणार होता, आणि तिच्या अंगावर तो पडला नसता तर आज ती स्वतः दुसऱ्या पेटीत असती. त्याला मनिलाच्या धावपट्टीवरून जिवंत बाहेर काढायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

एका बाजूच्या खुर्च्या काढून पेटी पट्ट्यांनी बांधली होती. लाकडी झाकण उघडं होतं, काच बंद होती. काचेखाली लिसांद्रो पांढऱ्या शर्टात, हातांत जपमाळ गुंडाळलेली. डाव्या डोळ्याखालची जखम मेणाने भरून वर रंग लावला होता. रंगवणाऱ्याने त्याला जन्मात नव्हता इतका गोरा करून ठेवला होता.

"कात्री घेतलीय ना, मामांग?" पुरिताने सासूला विचारलं.

दोन्यांनी पर्स उघडून दाखवली. शिवणाची लांब पात्यांची कात्री होती. झाकण कायमचं लावायच्या आधी मृताच्या हातातली माळ कापायची असते. माळ अखंड राहिली तर मरणाची साखळी तुटत नाही, त्याच घरातला आणखी एक त्याच्यामागे जातो. "मनिलात कापू," दोन्या म्हणाल्या. "दर्शनात माळ तुटलेली बरी दिसत नाही."

विमान चालवणारा कॅप्टन ओबिस्पो मागे येऊन बाल्दोपुढे अदबीने उभा राहिला. "सर, तुमचं पिस्तूल उतरेपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

बाल्दोने त्याच्या गालावर चापटी मारली. "तू तुझं विमान सांभाळ. माझ्या कमरेचं मी सांभाळतो."

कॅप्टन हसला, म्हणजे त्याने दात दाखवले, आणि पुढच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर त्याने ते दार उघडलं नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही.

विमान उडालं तसं पिल्लू काचेवरून घसरत लिसांद्रोच्या पायांपर्यंत गेलं. वरच्या हवेत विमान सरळ झाल्यावर ते उठलं, पिसं झटकून पुन्हा डोक्याकडे आलं. दोन्यांनी मूठभर तांदूळ टाकले. टक, टक, टक. इंजिनाच्या आवाजातही ते ऐकू येत होतं.

बाल्दो पेटीच्या उशाकडच्या खुर्चीत होता. त्याने रमची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि समोर बसलेल्या तिबोयच्या नडगीवर बुटाची लाथ घातली.

"काय रे कुत्र्या, ऐकू येतंय का? तुझ्यासाठीच वाजतंय."

तिबोयने पाय मागे ओढले. बाल्दोने उठून त्याचे केस धरले, त्याला खुर्चीतून ओढून गुडघ्यांवर आणलं आणि त्याचं तोंड काचेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. काचेवर रक्ताचा ओघळ आला. पिल्लू चिवचिवत बाजूला पळालं.

"बघ! ज्याचं मीठ खाल्लंस त्याच्याकडे बघ!"

"बाल्दो, पुरे," पुरिता म्हणाली.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. याचा पुळका आलाय काय तुम्हाला?"

तिबोयने एका डोळ्याने काचेतून खाली पाहिलं. तो रडायला लागला. तोंड सुजलेलं असल्यामुळे शब्द जड येत होते. "मालक, गाडी थांबवायला नको होती मी. थांबवायला नको होती."

पुरिता पट्टा सोडून त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. "कुणी सांगितलं थांबवायला? मला सांग, तिबोय. मी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दोन्यांकडे. "माझी बायको आणि पोरं तुमच्याच मळ्यावर राहतात, सेन्योरा," तो म्हणाला. "घराला पाल्याचं छप्पर आहे. काडी लावली तर जळायला किती वेळ लागतो?"

एवढंच. पण पुरिताला तेवढं पुरलं. मळ्यावरच्या घरांना काडी लावू शकणारा माणूस मोटारसायकलवरून येत नाही. तो त्याच वाड्यात राहतो.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती दोन्यांनीही पाहिली. पिल्लू सावरून परत आलं, तिबोयच्या काचेवर टेकलेल्या बेड्यांच्या हातांवर चढलं, आणि त्याच्या सुजलेल्या बोटांच्या उबेत अंग फुगवून बसलं. पिल्लाने डोळे मिटले. तिबोय हात न हलवता तसाच राहिला, मोडक्या बोटांचा त्रास होत असणार तरीसुद्धा.

"हे बघा, साक्षीदार झोपला," बाल्दो म्हणाला आणि हसला. हसणं अर्ध्यावर राहिलं. त्याने खिशातून सिगारेट काढली. कॅप्टन दाराच्या भोकातून बघत असावा, कारण छतातल्या कर्ण्यातून त्याचा आवाज आला, विमानात सिगारेट चालणार नाही, माफ करा. बाल्दोने ती पुन्हा खिशात कोंबली. गेल्या इतक्या दिवसांत आपण याला पेटीजवळ बसलेलं एकदाही पाहिलं नाही, हे पुरिताच्या आत्ता लक्षात आलं. तो सारखा अंगणातच असे. त्याला सिगारेटचं एवढं व्यसन कधीपासून लागलं?

मग ढग आले. विमान हिसके खायला लागलं, कॅप्टनने पट्टे बांधायला सांगितलं. बाल्दोला खुर्चीत बसावंच लागलं, पेटीच्या उशाशी, भावाच्या तोंडाजवळ. पिल्लू तिबोयच्या हातांवरून उतरलं आणि काचेवर पुढे सरकलं. तांदळाचे दाणे हिसक्यांनी सगळे डोक्याकडच्या कोपऱ्यात जमले होते, बरोबर त्या जखमेच्या वर. ढग येईपर्यंत खिडकीतलं ऊन काचेतून आत पडत होतं, आणि त्या उन्हाने जखमेतलं मेण सैल होऊन खाली उतरलं होतं. गालावर काळं भोक उघडं पडलं होतं. पिल्लू बरोबर त्याच्यावर टोचत होतं.

"मामांग, त्याला खोक्यात घाला," बाल्दो म्हणाला.

दोन्या हलल्या नाहीत.

"खोक्यात घाला म्हणतो ना!" त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याने हाताने पिल्लाला दूर ढकललं. विमानाने हिसका खाल्ला आणि ते घसरत परत तिथेच आलं. टक, टक. बाल्दोने डोळ्यांवर हात घेतला, काढला, आणि भोकाकडे बघत राहिला. मग अगदी लहान आवाजात, लहानपणी फुलदाणी फोडल्यावर बोलला असेल तसा, तो आईला म्हणाला, "तोंडावर मारू नका म्हणून सांगितलं होतं मी त्यांना. मामांग, शपथ. तोंडावर नको म्हणालो होतो."

तिबोयने मान खाली घातली. त्याला ते आधीच ठाऊक होतं. वजनकाट्यापाशी थांब, मी येतोय, असा फोन त्याला कोणी केला होता, ते पुरितालाही आता सांगावं लागत नव्हतं. लिसांद्रोनंतर महापौर कोण होणार, हेही सांगावं लागत नव्हतं.

तिने सासूकडे पाहिलं. आता ही बाई याच्या कानशिलात मारेल, हिनेच तर हे सगळं मांडलं होतं. विमान हिचं, पिल्लू हिचं, आणि खुन्याला माझ्या हाताने मातीत घालीन ही पेटीवर हात ठेवून घेतलेली शपथही हिचीच.

दोन्या एन्कार्नासियोन पुढे वाकल्या. त्यांनी पिल्लू उजव्या मुठीत उचललं, आणि मूठ आवळली. ते एकदाच चिवचिवलं. अंगठीवाली बोटं पांढरी पडेपर्यंत त्यांनी आवळली, बोटांच्या फटींतून ओलं काहीतरी आलं, आणि त्यांनी मूठ तशीच मांडीवर ठेवली.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "तिबोयने पैसे खाऊन माझ्या लेकाला विकलं. मनिलात उतरलं की बाल्दो त्याला घेऊन जाईल."

"मामांग, तुम्ही ऐकलंत!"

"मी काही ऐकलं नाही. इंजिनाचा आवाज फार आहे." त्यांनी सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "माझे दोन होते, इंदाय. आता एक आहे. तूही काही ऐकलं नाहीस. ऐकलं असशील तर तुलाही विमानातून उतरायचं आहे, हे लक्षात ठेव."

बाल्दोला धीर आला. आईने हात दिला की काही पुरुष किती लवकर पुन्हा मर्द होतात! त्याने नाक पुसलं, पट्टा सोडला, पिस्तूल काढलं आणि नळी तिबोयच्या बंद डोळ्यात खुपसली. "मनिला कशाला? पळून जायला बघत होता, झटापटीत गोळी सुटली. काय, वहिनी? तुम्ही सांगाल ना असं?" तिबोय ओरडला. बाल्दोने नळी आणखी आत दाबली, पापणी फाटली, रक्त गालावरून हनुवटीला आलं.

दोन्यांची पर्स शेजारच्या खुर्चीवर उघडीच होती.

पुरिताने नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिलं, पण कात्री हातात कधी घेतली ते तिला आठवलं नाही. तिला आठवलं ते तिची पाती बाल्दोच्या मानेत शिरली ते. आधी कडक लागलं, मग एकदम आत गेली. तिने उपसून पुन्हा घातली. रक्त तिच्या तोंडात गेलं. बाल्दो गर्रकन फिरला, पिस्तूल झाडलं गेलं, काच फुटली. गोळी पेटीत गेली, लिसांद्रोच्या पांढऱ्या शर्टात, बरोबर छातीवर. तिथून रक्त आलं नाही. त्याच्याकडचं संपलेलं होतं.

बाल्दोने पिस्तुलाच्या मुठीने तिच्या तोंडावर हाणलं. ती पडली. त्याने नेम धरला, एक हात मानेवर, बोटांतून रक्ताच्या चिळकांड्या, आणि मागून तिबोयने बेड्यांची साखळी त्याच्या डोक्यावरून टाकून गळ्यावर ओढली. दोघंही पेटीवर कोसळले. फुटक्या काचा त्यांच्या खाली करकरत होत्या. पिस्तूल गालिच्यावरून घसरत गेलं, आणि पुरिताने ते पायाने खुर्चीखाली लोटलं.

"सोड त्याला! सोड!" दोन्यांनी आपली चालायची काठी डाव्या हातात घेऊन तिबोयच्या पाठीवर, डोक्यावर मारायला सुरुवात केली. काठी मोडली तेव्हा त्या त्याच्या जखमी खांद्याला चावल्या. पुरिताने त्यांना अंबाड्याला धरून मागे ओढलं. म्हातारीच्या अंगात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोघी खाली पडल्या, एकीचे केस दुसरीच्या मुठीत, आणि दोन्या ओरडत होत्या, "पुरिता, माझं लेकरू! पाया पडते तुझ्या, त्याला सोडायला सांग!"

तिबोय साखळी ओढून धरत पुरिताकडे बघत होता. त्याच्या उरलेल्या डोळ्यात प्रश्न होता. जन्मभर हुकूम पाळलेला माणूस तो. सोड म्हणाली असती तर त्याने सोडलं असतं, त्या क्षणीसुद्धा.

पुरिता काही म्हणाली नाही. बाल्दोचे बूट गालिच्यावर घासत होते. मग ते घासायचे थांबले.

विमान मनिलात उतरलं तेव्हा बाहेर कडक ऊन होतं. काळ्या पोशाखातले पक्षाचे पुढारी, फुलं, बँड, सगळं धावपट्टीच्या कडेला तयार होतं. कॅप्टनने आधीच कळवलेलं असणार, कारण बँडच्याही पुढे पोलिसांच्या गाड्या होत्या. त्या मनिलाच्या होत्या, आमच्या बेटावरच्या नव्हत्या. हे पाहून पुरिताचा जीव थोडा भांड्यात पडला. तिने बाल्दोच्या खिशातली किल्ली काढून बेड्या उघडल्या, आणि तिबोयला एवढंच म्हणाली, "सगळं मी केलं. कात्री मी घातली, साखळीही तू मी सांगितलं म्हणून ओढलीस. आणि फोनचं पोलिसांना सांग. तुझ्या घरच्यांना आजच्या आज मी तिथून काढते."

पोलीस आत आले तेव्हा दोन्या एन्कार्नासियोन उठून उभ्या होत्या. अंबाडा सुटला होता, कपड्यांवर एका लेकाचं रक्त होतं. त्यांनी डाव्या हाताने जमिनीवरून कात्री उचलली, पदरासारख्या घेतलेल्या काळ्या शालीच्या टोकाला पुसली, फुटक्या काचेतून आत हात घातला आणि लिसांद्रोच्या बोटांतली माळ कापली. मणी पेटीत सांडले, काही गालिच्यावर आले.

"तुझी माळ दे," त्या सुनेला म्हणाल्या.

पुरिताने गळ्यातली काढून दिली. दोन्या बाल्दोजवळ खाली बसल्या. उजवी मूठ त्यांनी अजूनपर्यंत उघडली नव्हती. ती आता उघडली, पिल्लू बाजूला ठेवलं, आणि दोन्ही हातांनी बाल्दोची बोटं एकात एक घालून माळ त्यांच्याभोवती नीट गुंडाळली.

पुरिता कात्रीकडे बघत थांबली. दोन्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं, कात्री पर्समध्ये टाकली, आणि पर्स बंद केली.

"ही नाही कापायची," त्या म्हणाल्या, आणि पोलिसाने पुढे केलेला हात धरून विमानातून उतरल्या.